आज्जांची साक्ष आणि दवाखान्यातला काटा

डायलिसिसच्या खोलीबाहेर नातेवाइकांसाठी एक लोखंडी बाकडं आहे. त्यावर बसून मी गेल्या आठ महिन्यांत दोन सेमिस्टरचा अभ्यास केला, म्हणजे केल्यासारखं केलं. मागच्या महिन्यात तिथं एक बाई पहिल्यांदाच आली होती. तिच्या नवऱ्याला नुकतंच आत घेतलं होतं. आत काय करतात, किती वेळ लागतो, माणूस परत चालत बाहेर येतो ना, असं ती विचारत राहिली आणि मी सांगत गेले. शेवटी ती म्हणाली, "हे लिवून का ठेवत न्हाईस? आमच्यासारख्याला कोण सांगणार?"

म्हणून लिहिते आहे. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला सगळं कळतं. डॉक्टरांची चिठ्ठी मला वाचता येते, एवढंच खरं. औषधांची माहिती मी इथं देणार नाही, माझी चूक झाली तर दुसऱ्याचं नुकसान होईल. आमच्याकडून जी चूक झाली ती फक्त सांगते. ती औषधाची नव्हती.

*

आजारी आहेत ते माझे आज्जा, वडिलांचे वडील. वय पंच्याहत्तरच्या पुढं. तरुणपणी त्यांनी नौदलात पंधरा वर्षं काढली, जहाजाच्या इंजिनरूममध्ये. नोकरीला लागेपर्यंत त्यांनी पाण्याचा मोठा साठा म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, एवढंच पाहिलं होतं. नोकरी संपल्यावर सोलापूरला परत येऊन भवानी पेठेत वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तराजू, आडत्यांचे मोठे काटे, आणि आता इलेक्ट्रॉनिक. पेठेतले दुकानदार त्यांना काटेवाले मास्तर म्हणतात. रविवारी मात्र दुकान बंद. सकाळी बूट पॉलिश करून चर्चला, दुसऱ्या बाकावर, उजवीकडं. गीत सुरू झालं की त्यांचा खर्जातला आवाज दारापर्यंत ऐकू येतो.

आजाराची सुरुवात त्या बुटांपासूनच झाली. एका रविवारी बूट पायात जाईनात. "बूट आटलेत," आज्जा म्हणाले. आईनं पायाकडं पाहिलं तर घोटा दिसतच नव्हता. तिनं घोट्यावर बोट दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. आई शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात काम करते, माझे वडील पुण्यात गाडी चालवतात. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मीच त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, सूज किती दिवसांपासून आहे. आज्जा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, एक-दोन दिवस. धाप लागते का? नाही. जेवण जातं का? जातं. मी बाजूला बसून ऐकत होते. घरी ते चार महिने अर्ध्या भाकरीवर होते आणि दुकानाच्या तीन पायऱ्या चढून दाराला धरून उभे राहत होते. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी जणू त्यांची चुगली केली. नंतर कधीतरी त्यांनी सांगितलं, जहाजावर जो माणूस आजारी म्हणून नाव लिहायचा त्याला कामचुकार म्हणायचे.

रिपोर्ट आले. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद. मॅडमनी सावकाश समजावून सांगितलं. आज्जांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानात एखादा काटा दुरुस्तीला आल्यावर विचारतात तसं विचारलं, "किती दिवसांचं काम हाय?"

"आता हे कायमचं, आजोबा," मॅडम म्हणाल्या.

परत येताना रिक्षात मला वाटलेलं सांगते, कारण तुम्हालाही तसंच वाटेल आणि मग स्वतःची लाज वाटेल. मला वाटलं, आता माझ्या परीक्षेचं काय.

*

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातला पोहोचायचं. आधी वजन. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वाढलं तेवढं अंगात साचलेलं पाणी, असा साधा हिशेब असतो. प्रत्येक पेशंटचं एक ठरलेलं कोरडं वजन असतं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं, आज्जांचं साठ किलो. काट्यावर जास्तीचं जे काही दिसेल ते मशीन चार तासांत काढून टाकतं. मग हातात दोन जाड सुया. आत इरफानभाई नावाचे टेक्निशियन आहेत, ते सुया टोचताना पेशंटची थट्टा करतात आणि तेवढ्यात टोचून होतं. आज्जांना ते म्हणायचे, "क्या अज्जा, आज कितना समुंदर लेके आए?"

घरी पाण्यावर बंधन. दिवसाला सगळं मिळून एक लिटर. मला वाटलं होतं, यातच खरं भांडण होणार. सोलापूरच्या उन्हात एक लिटर म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. पण आज्जांनी दुकानातून सरकारी शिक्का मारलेलं लिटरचं माप आणलं. सकाळी ते भरायचं आणि दिवसभर त्यातूनच घ्यायचं, चहासुद्धा त्यातूनच. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं, त्याची सवय त्यांना होती.

भांडण व्हायचं ते दुसऱ्यांशी. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. किडनीच्या पेशंटला शहाळ्याचं पाणी म्हणजे धोका, हे मी किती जणांना सांगितलं याची गणती नाही. चर्चमधल्या मावश्या म्हणायच्या, "अगं, देवाचं पाणी हाय ते, त्यानं काय होतंय?" मी शहाळं काढून घेतलं की त्या आईकडं बघायच्या, म्हणजे हिला वळण लावलं नाही का. शेंगाचटणीचा डबा मी उचलून ठेवला तेव्हा तर आज्जांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. घरातली सगळ्यात लहान मी, आणि सगळ्यांना नाही म्हणायचं काम माझ्याकडं. याचा मला फार राग यायचा. अजून येतो.

*

दोन महिन्यांनी मात्र फरक दिसला. सूज उतरली, बूट बसायला लागले, भूक परत आली. आई आनंदानं भाकरी थापायची आणि आज्जा दोन-दोन खायचे. चर्चमध्ये आवाज पुन्हा लागला.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते माणूस उठून सगळ्यांसमोर सांगतो. आज्जांनी आयुष्यात कधी साक्ष दिली नव्हती, त्यांना बोलायला आवडत नाही. त्या रविवारी ते उठले. सगळ्यांना सलाम केला आणि म्हणाले की दोन महिन्यांपूर्वी मी मरणार होतो, पण प्रभूनं मला पूर्ण बरं केलं, आता मला काही दुखत नाही, काही खुपत नाही.

डायलिसिसचं नाव त्यांनी घेतलं नाही. मला वाटलं, विसरले असतील. सगळे आमेन म्हणाले, पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या रडल्या. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारच्या उपदेशात आज्जांचं उदाहरण दिलं. दोन-तीन घरी त्यांना आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला बोलावलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर ते उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागले. सुया टोचलेला हात झाकायचे. दवाखान्याला जाताना रिक्षा चर्चच्या रस्त्यानं न घेता मागच्या गल्लीनं घ्यायला लावायचे. मी कारण विचारलं नाही. सकाळी सात वाजता कुणाला कारणं विचारायचं सुचत नाही.

*

मग काट्याचं सुरू झालं.

एका सोमवारी आज्जा दवाखान्याच्या काट्यावर उभे राहिले आणि खाली वाकून आकडा बघत म्हणाले, "चुकतोय ह्यो. जास्त दाखवतोय." इरफानभाई हसले. बुधवारी परत तेच. शुक्रवारी त्यांनी काटा उचलून खालून बघायचा प्रयत्न केला. पुढं पुढं रोजचंच झालं. मागं रांगेत लोक उभे, आणि आज्जा म्हणतायत, याचा पाया समपातळीत नाही, याला कुणी तपासलंय, शिक्का कुठं आहे. एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आजोबांना समजाव, सगळ्यांना उशीर होतो.

मी समजावलं. गोड बोलून समजावलं, रागावून समजावलं. त्यांचं एकच, "चाळीस वर्षं काटेच बघितल्यात मी."

महिना-दोन महिने हे चाललं. एकदा मशीनवर असताना त्यांचा रक्तदाब खाली गेला, तेव्हा ते म्हणाले, उपाशी आलो होतो. बाहेर आल्यावर लंगडायचे. विचारलं तर म्हणायचे, एकाच कुशीवर झोपून पाय आखडला. डॉक्टर मॅडमनी फेरीला येऊन विचारलं की ठीक, सगळं ठीक.

माझी परीक्षा सुरू होती. एका सोमवारी अकराला पेपर होता आणि आज्जा काट्यावरून उतरायलाच तयार नव्हते. तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले, "आज्जा, चोरून पाणी तुमी पिताय आणि काट्याला नाव ठेवताय."

ते उतरले. गुपचूप आत जाऊन पलंगावर पडले आणि चार तास भिंतीकडं तोंड करून राहिले, असं इरफानभाईंनी नंतर सांगितलं. त्यांनी मापाबाहेरचा एक घोटसुद्धा कधी घेतला नव्हता, हे माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. काट्याच्या माणसाला मी चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं. मी माफी मागितली नाही. पेपरला पळाले.

बुधवारी ते उठले नाहीत.

*

"काटा नीट झाला की सांगा, मग येतो," एवढंच म्हणायचे. आई सासऱ्यांना मामा म्हणते, ती कधी त्यांच्यापुढं आवाज चढवत नाही. ती बुधवारभर हात जोडत होती, "मामा, नीट करतील ते, तुमी चला तर खरं." वडिलांनी पुण्याहून फोनवर आधी त्यांना विनवलं, मग मला झापलं, की तुला एवढं शिकवून काय उपयोग. शुक्रवारही गेला. पायावर सूज चढली. रात्रीचं आडवं पडवेना, उशा लावून बसून राहायचे. डायलिसिस सोडलेला माणूस किती दिवस काढतो ते मी मोबाइलवर वाचलं होतं आणि ते आईला सांगायची माझी हिंमत नव्हती.

रविवारी हट्टानं चर्चला गेले. गीताला आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलत होते. दुपारी पाळकसाहेब घरी आले, त्यांच्या पत्नी बरोबर होत्या आणि हातात शहाळं होतं. त्यांनी प्रार्थना केली. ते निघाले तेव्हा मी गेटपर्यंत मागं गेले आणि म्हणाले की साहेब, तुमचं ते ऐकतील, त्यांना डायलिसिसला जायला सांगा.

पाळकसाहेब थांबले. "डायलिसिस अजून चालू आहे? अगं, ते तर पूर्ण बरा झालो म्हणाले होते. मला वाटलं, ते बंद झालं."

मला एकेक गोष्ट जुळायला लागली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मागची गल्ली, उपाशी आलो होतो, पाय आखडला. या माणसाला दुखतंय असं म्हणता येत नव्हतं. म्हटलं असतं तर साक्ष खोटी ठरली असती. म्हणून ते सगळं काट्यावर ढकलत होते, काटा जास्त दाखवतो हे पटलं तर मशीन कमी पाणी ओढेल आणि दुखायचं थांबेल. आणि मी शिकलेली मुलगी त्यांच्याशी दोन महिने काट्यावरूनच वाद घालत बसले होते.

*

सोमवारी सकाळी मी दुकानाची किल्ली घेतली आणि रिक्षावाल्याच्या मदतीनं वीस किलोची दोन लोखंडी वजनं रिक्षात ठेवून घरी आणली. आज्जांना म्हटलं, "वजनं आणलीत. दवाखान्याचा काटा तपासायला चला. मला त्यातलं येत न्हाई."

ते उशांना टेकून बसले होते. तिथूनच विचारलं, "ताजा शिक्का हाय का त्यांवर?"

मी शिक्का बघितलाच नव्हता. त्यांनी मला बाहेर रिक्षाकडं पाठवून दोन्ही वजनांवरचा शिक्का वाचून यायला लावलं. तो यंदाचा होता. मग ते उठले. दोन पावलं चालायचे आणि थांबायचे, पण आले.

इरफानभाईंना मी आदल्या दिवशीच फोन केला होता. त्यांनी काटा रांगेतून बाजूला काढून ठेवला होता. आज्जा त्याच्यापुढं खाली बसले. आधी काटा समपातळीत केला. एक वजन मधोमध ठेवायला लावलं. वीस. दुसरं ठेवलं. चाळीस. मग एकच वजन चारी कोपऱ्यांवर फिरवलं, कारण बिघडलेला काटा कोपऱ्यावर पकडला जातो म्हणे. प्रत्येक वेळी वीस. धाप इतकी लागली होती की मधे थांबून ते गुडघ्याला धरत होते. डॉक्टर मॅडम येऊन मागं उभ्या राहिल्या होत्या.

"बरोबर हाय," आज्जा म्हणाले. "काटा बरोबर हाय."

मॅडमनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. "काटा बरोबर आहे आजोबा. मग चुकतंय काय?"

उत्तर मला माहीत होतं. ते ओठांवर आलं होतं. मी माझाच हात घट्ट धरून ठेवला. आयुष्यात गप्प बसायला मला एवढं अवघड कधी गेलं नाही.

आज्जा त्या वजनाकडं बघत बोलले. "तिसऱ्या तासाला पोटऱ्यात गोळे येत्यात. डोळ्यापुढं अंधारी येती. मशीन बंद करा म्हणावं वाटतं. दोन म्हैने झालं."

मॅडमनी त्यांचा दंड दाबून पाहिला, पोटऱ्या पाहिल्या, जेवण विचारलं. आईच्या दोन भाकऱ्यांचं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या की तुमच्या अंगावर मांस चढलंय, तुमचं खरं वजन दीड-दोन किलोनं वाढलंय, पण आमच्या कागदावर अजून साठच आहे. तुमचं स्वतःचं वजनही आम्ही पाणी समजून काढत होतो. हे आधीच आमच्याही लक्षात यायला हवं होतं. पण तुम्ही दर वेळी ठीक म्हणालात.

मला रडू आलं नाही. मला राग आला. दोन महिने! एका वाक्यात सांगता आलं असतं.

त्या दिवशी मशीन सावकाश चालवलं, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. घरी जाताना रिक्षात वजनांवर पाय ठेवून बसलेले आज्जा म्हणाले, "मंडळीत उभा ऱ्हाऊन बोललोय, दुखत न्हाई म्हणून. आता दुखतंय म्हणलं तर खोटं कोण पडतं? देवच की."

मी म्हटलं, "देव कशाला पडतोय? तुमी पडता." म्हटल्यावर जीभ चावली. पण ते रागावले नाहीत.

*

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्ष कुणाला द्यायची आहे का विचारलं तेव्हा आज्जा उठले. आईनं माझा दंड धरला.

"सलाम," ते म्हणाले. "मागच्या साक्षीत मी काटा मारला. देवानं दिलं त्याच्यापेक्षा जास्त वजन सांगितलं. मी आठवड्यातून तीनदा मशीनवर जातो. मशीन हाय म्हणून जगलोय. लावल्यावर दुखतं. भीती बी वाटती. खरं वजन एवढंच हाय."

ते बसले. कुणी आमेन म्हटलं नाही. काटा मारणं म्हणजे वजनात फसवणं, हे पेठेतल्या पोरालाही कळतं, आणि ते काटेवाले मास्तरांच्या तोंडून आलं होतं. पाळकसाहेबांनी थोड्या वेळानं पुढच्या गीताचा नंबर सांगितला.

बाहेर आल्यावर एक मावशी आमच्याकडं तरातरा आल्या. यांचे यजमान पौलसकाका, मिलमधून निवृत्त झालेले, साखरेचे जुने पेशंट. मला वाटलं, त्या आज्जांचं कौतुक करतील. त्यांनी भर आवारात त्यांना फैलावर घेतलं. तुमची साक्ष ऐकून आमच्या माणसानं इन्शुलिन टाकून दिलं, मास्तरला देवानं बरं केलं तर मला का नाही करणार म्हणाला, आता पायाला जखम झालीय आणि दवाखान्याचं नाव काढलं की भांडतोय, याला जबाबदार कोण?

आज्जा हात खाली सोडून ताठ उभे राहिले. सगळं ऐकून घेतलं. "मी," ते म्हणाले. "उद्या सकाळी त्याला तयार ठेवा."

सोमवारी साडेसहाला आमची रिक्षा पौलसकाकांच्या दारात होती. काका बाहेर यायला तयार नव्हते. आज्जा आत गेले. खिडकीतून दोघांचा आवाज येत होता. काका म्हणत होते, तूच म्हणालास की, देवानं बरं केलं म्हणून. आणि आज्जा म्हणत होते, व्हय, म्हणालो, चुकलो, आता शर्ट घाल. तासभर हेच चाललं होतं. मी बाहेरून हाका मारत होते, घड्याळ दाखवत होते, कुणी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हतं.

आम्ही पाऊण तास उशिरा पोहोचलो. इरफानभाई दारातच उभे होते आणि माझ्यावर चिडले, की मशीन अडकून राहतं, पुढचे पेशंट खोळंबतात, तू तरी शिकलेली आहेस. मी मागं बोट दाखवलं. रिक्षातून दोघं एकमेकांना धरून उतरत होते, आणि कुणाचा पाय जास्त दुखतो यावरून मोठमोठ्यानं वाद घालत होते.